कुणाकुणाला कळवावे

९ मार्च

मामा,

नमस्कार पोचला असं समजा. मनगट दुखतंय, त्यामुळे थोडक्यात लिहिते. (असं म्हणून मी चार पानं भरते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.)

माझा नवा पत्ता पाकिटावर आहे. तो फक्त तुमच्याकडे आहे, आईकडेसुद्धा नाही. आईच्या पोटात काही राहत नाही, आणि जावईबापू दोन गोड शब्द बोलले की ती विरघळते. तुम्हालाही खोटं बोलता येत नाही म्हणा. पत्त्यांच्या डावात हातात हुकमाचं पान आलं की तुमचे कान लाल व्हायचे आणि जावईबापू ते बघून डाव जिंकायचे. पण तुम्ही निदान फोन तरी उचलत नाही. माझा फोन मी निघाले त्या दिवशीच बंद केला. म्हणून ही कागदी पत्रं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, एकच आहे. नळ सतत ठिबकतो, त्याखाली मी फडकं ठेवलंय म्हणजे आवाज येत नाही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्या काही विचारत नाहीत, आणि त्यांनी सगळं ओळखलंय. काम मिळालं, तेच आपलं कवळ्यांच्या लॅबमध्ये. दिवसभर मेणाचे दात कोरायचे. पण ऑक्टोबरात, मी निघताना, नवऱ्याने जे मनगट दारात धरून पिळलं, ते अजून नीट बसलेलं नाही. दाढ कोरताना हात थरथरतो आणि मालकीणबाई बघून न बघितल्यासारखं करतात. किती दिवस करतील?

डॉक्टर म्हणाले, दोन महिने मनगटाची कसरत रोज करून घ्यायला हवी. माझ्या पगारात ते बसत नाही. विमा आहे, पण तो त्याच्या ऑफिसातून काढलेला. पॉलिसी त्याच्या नावावर, मी त्यात 'सदस्य क्रमांक दोन'. मोठ्या हौसेने कार्ड घेऊन दवाखान्यात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मंजुरीचा मेसेज पॉलिसीवरच्या नंबरवर जाईल, त्यातला कोड सांगा." मी तिच्या हातातून कार्ड ओढून घेतलं आणि चालायला लागले. तो मेसेज गेला असता तर दवाखान्याचं नाव, गाव, सगळं आयतं त्याच्या हातात पडलं असतं.

मामा, तुम्ही गेली दोन वर्षं याच कायद्यांचं पुस्तक करताय ना? लोकांची खासगी माहिती, ती कुणी कुणाला द्यायची, आपल्याकडे काय आणि बाहेर काय? मग एवढं सांगा, तो नंबर तिथून निघेल का? मला दुसरं काही नको. मी कुठे आहे ते त्याला कळता कामा नये, आणि माझा हात बरा व्हायला हवा.

दमलेय हो मामा. झोप झाली तरी दमलेली असते.

तुमची
खारूताई

•

१६ मार्च

खारूताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा स्वतःला. तुझ्या लग्नात हाच मामा पुढे पुढे करत होता, 'मुलगा शांत आहे' म्हणून. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं.

आता ऐक. तुझा प्रश्न माझ्या पुस्तकातल्या तुलनेच्या तक्त्यात एकसष्टाव्या ओळीत आहे! दोन वर्षं मी ही वेठबिगारी करतोय, डोळ्यांच्या खाचा झाल्या, प्रकाशक दर आठवड्याला 'कुठवर आलं' विचारतो. आणि या सगळ्याचा एका जिवंत माणसाला उपयोग होऊ शकतो, हे आज पहिल्यांदा कळलं.

तुझ्या पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत बघ. कंपनीची मुख्य कचेरी परदेशात असणार, या कंपनीची आहेच. म्हणजे तुला दोन दारं आहेत. एक आपला कायदा. त्याची भाषा कशी, तर 'कंपनीने वाजवी वेळेत योग्य ती कार्यवाही करावी'. म्हणजे बसा बोंबलत. दुसरा त्यांचा. त्यात माझी माहिती मला दाखवा, चुकीची असेल तर दुरुस्त करा, नको असेल ती पुसून टाका, हे सगळं माणसाच्या हक्काचं. महिन्याच्या आत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर असा दंड की कंपनीच्या तोंडचं पाणी पळावं. आपला कायदा विनंती करतो गं, त्यांचा कान धरतो. मी तर म्हणतो, अर्ज त्यांच्याच कायद्याखाली कर.

मसुदा सोबत जोडलाय. त्याचा नंबर काढा, माझी संपर्काची माहिती दुरुस्त करा, इथून पुढे सगळं माझ्या पत्त्यावर पाठवा. कलमांचे आकडे नीट उतरवून घे. सही कर आणि रजिस्टर पोस्टाने टाक.

माझं काम ठीक चाललंय. तुला माहीत आहे माझी पद्धत, एक रकाना धरला की वरून खाली संपवायचा, मग दुसरा. मध्ये इकडेतिकडे बघितलं की चुका होतात. सध्या 'व्यक्तीचे अधिकार' संपत आलाय. पुढच्या महिन्यात 'कंपनीची कर्तव्ये' घेईन.

आणि हो, तू केलेल्या कवळीचा पुढचा दात तुटला. प्रकाशकासमोर बोलताना शीळ वाजते. तो हसतो. हसू दे.

हात जप.

मामा

•

२४ मार्च

मामा,

मसुदा वाचला. केवढा जोर आहे हो त्यात! 'माझ्या अधिकारान्वये मी आपणांस बजावू इच्छिते'. मी आजवर कुणाला काही बजावलेलं नाही. लॅबमध्ये चहा गार मिळाला तरी पिते.

नर्सबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, तुझा मामा वकील आहे का? मी म्हटलं, नाही, वकिलांसाठी पुस्तकं करतो. त्या म्हणाल्या, मग जास्तच जाणत असेल.

एक शंका आहे, हसू नका. अर्जात मला इथला पत्ता घालावा लागेल ना? पेन तिथेच अडतं. सहा महिने होत आले, तुमच्या पाकिटाखेरीज हा पत्ता मी कुठेच लिहिलेला नाही. घरमालकाच्या करारातसुद्धा नर्सबाईंच्या भाचीचं नाव आहे. आणि दुसरं, आपल्या त्या ढिल्या कायद्याने चालणार नाही का? दोन ओळींचा साधा अर्ज, 'नंबर बदलून मिळावा, उपकृत होईन', एवढाच. बसा बोंबलत तर बसा बोंबलत. मला सवय आहे.

पण तुम्ही म्हणताय ते विचार करूनच म्हणत असाल. लहानपणी भोवरा कसा धरायचा तेही तुम्हीच सांगितलं होतं, आणि मी चिडून फेकला तेव्हा पुन्हा सांगितलं होतं. पत्ता नसलेल्या अर्जाला उत्तर तरी कुठे येणार, तेही खरंच.

सोमवारी टाकते. डाव्या हाताने उतरवतेय, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय. परदेशी कायद्याला चालेल ना?

खारूताई

•

११ एप्रिल

खारूताई,

घाईत लिहितोय. अर्ज टाकलास का? टाकला नसशील तर आठवडाभर थांब. त्यात एका ओळीची भर घालायची आहे. फार काही नाही, पण असलेली बरी.

इकडे ऑफिसात टेबलं हलवलीत. मला खिडकीशी बसवलंय, म्हणजे दुपारी कागदावर इतकं ऊन येतं की अक्षरं दिसत नाहीत. प्रकाशक म्हणतो, उजेडाची तक्रार करणारा पहिला माणूस बघितला. दात तसाच आहे. सफरचंद सोडलं.

उलट टपाली कळव. अर्जाचं, म्हणतोय मी.

मामा

•

१९ एप्रिल

मामा!

अर्ज कधीच गेला. सोमवारी टाकते म्हटलं होतं, सोमवारीच टाकला. आणि उत्तर आलं! महिनासुद्धा लागला नाही. छापील कागद, खाली कुणाची तरी गोल सही. 'आपल्या विनंतीनुसार जुना संपर्क क्रमांक काढून टाकण्यात आला असून आपला पत्ता अद्ययावत करण्यात आला आहे. पुढील कार्यवाही नियमानुसार होईल.' मी तो कागद उशीखाली ठेवून झोपले, लहान मूल बक्षिसाचा कप ठेवतं तशी.

आठ दिवस रोज दवाखान्यात जातेय. कार्ड देते, कोड लागत नाही, ती मुलगी नुसती हसते. कसरत करून घेणारा बुवा भलता कडक आहे, रबराचा चेंडू दाबून दाबून डोळ्यांत पाणी येतं. पण काल अख्खी दाढ कोरली, हात न थरथरता. मालकीणबाईंनी ती उजेडात धरून बघितली, म्हणाल्या, "हं." त्यांच्या भाषेत हे फार झालं.

तुमच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा माझ्याकडे आहे, माहीत आहे का? घर सोडताना पिशवीत चार कपडे, कागदपत्रं आणि तुमचा जबडा. कशाला घेतला कोण जाणे. फडताळात समोरच होता, दात विचकून. हात सुधारला की नवी कवळी करून पाठवते. तोवर शीळ वाजवा.

किती दिवसांनी मी खिडकी उघडून बसलेय. मामा, तुमचं ते जाडजूड पुस्तक छापून आलं की मी एक प्रत घेणार आणि एकसष्टावी ओळ चौकटीत लावणार.

कुठली ओळ राहिली होती हो?

खारूताई

•

२७ एप्रिल

खारूताई,

वा! फार बरं वाटलं. चेंडू दाबत राहा.

ओळीचं काही नाही. काम झालं ना? मग विसरून जा. मला उगाच शब्द वाढवायची सवय, प्रकाशकसुद्धा हेच म्हणतो.

दाराला आतून कडी आहे ना नीट? सहज विचारलं.

मामा

•

२९ मे

खारूताई,

पाच आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मी दोन पाठवली. दुसरं काल परत आलं, त्यावर लाल शाईत 'येथे राहत नाही'. म्हणून हे नर्सबाईंच्या नावाने पाठवतोय. बाई, आपली ओळख नाही, पण माझी भाची कुठे आहे हे ठाऊक असेल तर एवढं तिच्या हाती द्या. नसेल तर तुम्हीच वाचा. कुणीतरी वाचायला हवं.

तू विचारलं होतंस, कुठली ओळ. सांगतो.

एप्रिलमध्ये मी 'कंपनीची कर्तव्ये' हा रकाना धरला. त्यात एक पोटरकाना आहे, 'कुणाकुणाला कळवावे'. माहिती दुरुस्त केली की ती आधी ज्यांना दिली होती त्या सगळ्यांना कंपनीने दुरुस्ती कळवायची, असं त्यांचा कायदा सांगतो. हेतू चांगला आहे, चुकीची माहिती गावभर पसरलेली राहू नये. पण तुझी माहिती आधी कुणाला दिलेली होती? पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला. एकसष्टाव्याच ओळीत होतं गं हे, चार बोटं उजवीकडे. मी रकाना उभा वाचत होतो. आडवी ओळ एकदा जरी वाचली असती तरी दिसलं असतं.

त्यावर उपायही तिथेच आहे. 'मला धोका आहे, कुणालाही कळवू नये' असं अर्जात लिहिलं की कंपनीला गप्प बसावं लागतं. पण ते लिहावं लागतं. ती ओळ मी तुला दिली नाही. आणि आपला ढिसाळ कायदा, ज्याला मी हसलो, तो कुणालाच काही कळवायला सांगत नाही. तुझा दोन ओळींचा 'उपकृत होईन' पुरला असता. तू विचारलंही होतंस.

हे मला अकरा एप्रिललाच कळलं होतं. तुझं आनंदाचं पत्र आलं. म्हटलं, कंपन्या कसलं पाळतात सगळं, कुठला कारकून बसून पत्रं लिहितोय. मी लपवलं. मुलगा शांत आहे म्हणून सांगितलं तेव्हा निदान मला ठाऊक नव्हतं. या वेळी ठाऊक होतं.

काहीही असो, एक ओळ लिही. नुसतं 'आहे' असं लिही.

मामा

•

२० जून

मामा,

आहे.

तुमचं पत्र पोचलं. कसं, ते विचारू नका. या पाकिटावरचा शिक्का बघू नका, ते टाकणारं माणूस वेगळं आणि गावही वेगळं.

सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच काहीबाही कल्पना करत बसणार नाही. मेच्या पाच तारखेला, दुपारी, मी जेवायला खोलीवर आले. तो जिन्यात बसला होता. हातात कंपनीचं पत्र, घडी घातलेलं. मला म्हणाला, "मी कुठे शोधत होतो? त्यांनीच कळवलं." आणि मला वाचून दाखवलं, जुना पत्ता अमुक, नवा पत्ता तमुक, आपल्या माहितीसाठी सविनय सादर. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मग म्हणाला, "घरी चल," आणि मनगट धरलं. तेच.

मी ओरडलेसुद्धा नाही मामा. इतकी दमले होते की मनात आलं, जावं. चार पायऱ्या उतरले त्याच्याबरोबर. तेवढ्यात नर्सबाई बाहेर आल्या, हातात ओली केरसुणी, आणि अशा काही बोलल्या की चाळीस वर्षं वॉर्डात त्या काय काय ऐकत आल्या असतील ते कळलं. वरचे-खालचे सगळे दारात आले. त्याला चारचौघांत शोभा झालेली चालत नाही. हात सोडला आणि म्हणाला, पत्ता आहे माझ्याकडे, घाई नाही. संध्याकाळच्या आत मी ती जागा सोडली. मालकीणबाईंनी दुसऱ्या एका लॅबचं नाव दिलं आणि म्हणाल्या, "मला कळवू नकोस." तिथे आहे. बरी आहे. चेंडू सोबत आहे.

तुमच्यावर राग आला. खोटं कशाला बोलू, फार आला. पहिले आठ दिवस तुमच्या प्लास्टरच्या जबड्याशी भांडत होते. रकाना चुकला त्याचा नव्हे, तो मीही चुकले असते. 'ओळीचं काही नाही' लिहिलंत त्याचा. तेव्हा सांगितलं असतंत तर मी चार दिवस आधी निघाले असते, आणि त्या जिन्यात तो रिकाम्या खोलीची वाट बघत बसला असता.

आता नाही राग. तेवढी ताकदच उरली नाही. आणि रागवायला तरी माझं आहे कोण?

पण मामा, पत्ता देत नाही. तुम्ही कुणाला सांगाल म्हणून नाही. तो एक ना एक दिवस तुमच्या दारात येणार, फोन उचलला नाही म्हणून तो थांबणार नाही. तुमच्यासमोर बसेल, चहा मागेल, विचारेल, आणि तुमच्या कानांकडे बघेल. ते कान मी लहानपणापासून ओळखते. म्हणून तुम्हाला काहीच सांगत नाही.

या पत्राला उत्तर देता येणार नाही. सफरचंद एवढ्यात खाऊ नका.

खारूताई

•

१६ जुलै

खारूताई,

हे पत्र टाकायचं नाही, तरी लिहितोय. तक्त्याच्या फाइलमध्ये ठेवीन, एकसष्टाव्या ओळीच्या मागे.

परवा एक पुडकं आलं. लहान, जड, सुतळीने बांधलेलं. पोस्टमनने पुढे केलं तेव्हा मी आधी चष्मा काढून खिशात ठेवला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला सही करायची नाही. सही केली, अंदाजाने. मग स्वयंपाकघरात जाऊन, चष्मा न लावता, वरचा कागद सोडवला आणि बादलीत बुडवला. शाई पार उतरल्यावर चष्मा लावला. आत कापसात कवळी. पुढचा दात किंचित वाकडा ठेवलायस, माझा खरा होता तसा. कुठेही टोचत नाही. दाढेवर कुठेही हात थरथरलेला दिसत नाही, मी भिंग घेऊन बघितलं.

आणि काल तो आला.

तू म्हणालीस तसाच. शर्ट इस्त्रीचा, तोंडात 'मामा, मामा'. खुर्ची ओढून अगदी समोर बसला, चहा मागितला. मी केला. साखरेचा डबा सांडला. त्याने तुझ्या आईची खुशाली विचारली, पुस्तकाचं विचारलं, आणि मग एकदम म्हणाला, "ती कुठे आहे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तो बघत राहिला. तोंडाकडे नाही, कानांकडे. आधी उजव्या, मग मान वाकडी करून डाव्या. बराच वेळ. चहावर साय धरली. मी बसून राहिलो, आणि कान आपले गारच्या गार. लपवायला माझ्यापाशी काही नव्हतंच गं. शेवटी तो म्हणाला, "खरंच माहीत नाही तुम्हाला." इतका थकलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. चहा तसाच टाकून गेला.

दार लावलं आणि तिथेच खाली बसलो. पोरी, रडलो. भीतीने की कशाने, सांगता यायचं नाही.

आज ऑफिसात जाऊन पूर्ण तक्ता पहिल्यापासून वाचायला घेतला. आडवा. दोनशे चौदा ओळी आहेत, वर्ष जाईल. प्रकाशक ओरडला, मी ओरडू दिलं. तुझ्यासारखी कुणी पुस्तक उघडेल तेव्हा पुढच्या रकान्यात काय आहे ते तिला तिथेच दिसायला हवं. 'कळवू नये, असे अर्जात लिहावे' ही ओळ मी ठळक करून घेतलीय.

दुपारी सफरचंद खाल्लं. अख्खं, सालासकट. करकर आवाज आला तसे शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. आणि मला वाटलं, हे कुणाला कळवावं, तर तुला. तेवढं एक राहिलंय.

मामा